अनुभव धागा : बेसिनखालचा अँगल कॉक

गोदाकाठची
परवा शेजारी प्लंबर आला होता. सत्तरीचे गृहस्थ. खिशात टेफ्लॉन टेप असताना त्यांनी पिशवीतून, सांधा गळू नये म्हणून पूर्वी लावायचे ते तागाचं सूत आणि सफेद्याची (पांढऱ्या लेपाची) डबी काढली. डबी उघडल्याबरोबर जवसाच्या तेलाचा तो वास जिन्यात आला आणि मला अण्णाच आठवले.

आमचं घर जेलरोडला, अण्णा प्रेसमध्ये. तेव्हा सगळे लोखंडी पाइप. बेसिन न्हाणीच्या बाहेर आणि त्याखाली, वरच्या तोटीचं पाणी बंद करायला, गोल मुठीचा जड पितळी कॉक. तो गळायला लागला की आई आधी तांब्या ठेवायची, मग पातेलं. बादली ठेवायची वेळ आली की अण्णा रविवार धरायचे. सकाळचे नळ गेले, घंगाळ, कळशा, पिंप भरून झालं की गच्चीवरचा कॉक बंद. एका लाइनवर चार घरं, त्यामुळे आधी प्रत्येक दारात जाऊन सांगायचे, "तासभर पाणी नाही हो." बॅटरी धरायला मी.

सुताचा पुंजका ते बोटांनी विंचरायचे, त्यात गाठ राहू द्यायचे नाहीत. मग एकेक पदर आट्यांच्या खाचेत बसवत गुंडाळायचे. कॉक ज्या दिशेने आवळायचा त्याच दिशेने. "उलटं गुंडाळलं तर आवळताना सगळं बाहेर येतं" हे मी लग्नाआधी हजारदा ऐकलं असेल. वरून सफेदा, मग पाना. घर सोडेपर्यंत तो सांधा कोरडा होता.

तुमच्याकडे कॉक कोणी बदलला, कसा बदलला, काय फजिती झाली, सगळं लिहा. स्वतः बदलला असेल तर जरा सविस्तर लिहा. घरात हे काम येणारं माणूस हवंच असं मला मनापासून वाटतं.

इंदिरानगर_दुसरा_मजला
आमचा तर हातातच आला. रात्री साडेअकरा. मिस्टर फिरतीवर, सासूबाई झोपलेल्या. बेसिनची तोटी ठिबकत होती म्हणून खालचा कॉक बंद करायला गेले, तर मूठ दांड्यासकट बाहेर आणि पाणी थेट छातीवर. गच्चीवर पळाले. तिथे आठ व्हॉल्व्ह, एकावरही खूण नाही. एकेक बंद करायचा, खाली मुलाला फोन करायचा, "थांबलं का?" तो म्हणायचा नाही. सहाव्याला थांबलं.

दुसऱ्या दिवशी मी आणि वरच्या काकूंनी ऑइलपेंटने प्रत्येक पाइपवर फ्लॅट नंबर टाकले. चेअरमन म्हणाले मीटिंगमध्ये विषय घेऊ. आम्ही म्हटलं घ्या, तोवर रंग वाळतो.

पंचवटीकर
रंग वाळतो 😄 काकूंना नमस्कार सांगा

सातपूरचा_टर्नर
छान धागा ताई. अण्णांचं म्हणणं टेपलाही तसंच लागू आहे. आट्याचं तोंड आपल्याकडे धरायचं आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचं. ८-१० वेढे, ताणून. पहिला आटा थोडा मोकळा ठेवा म्हणजे सुरुवात सरळ बसते.

सगळ्यात जास्त गळती कशाने होते सांगू? कॉक आवळत आणला, तोंड वर यायला थोडं पुढे गेलं म्हणून लोक पाव आटा उलटा फिरवतात. उलटा फिरवला की टेपची पकड गेली. पूर्ण काढायचा, टेप साफ करायची, नव्याने गुंडाळायची. कंटाळा करायचा नाही. आणि कॉकपासून तोटीकडे जाणाऱ्या कनेक्शन पाइपच्या नटाला टेप लावू नका. तिथे पाणी रबरी वायसर अडवतो, टेपने फक्त वायसर वाकडा बसतो. नट हाताने आवळून वर पान्याने थोडासा, बस.

घेताना कॉक हातात तोलून बघा. पितळी असेल तर वजन कळतं. वरून सारखीच चकाकी दिलेले हलके मिश्रधातूचे येतात, त्यांचे आटे काही वर्षांत भुगा होतात. पितळही कायमचं नाही. पाण्याने त्यातलं जस्त निघून जातं, धातू लालसर, सच्छिद्र होतो आणि मग पाना लावला की कटकन तुटतो. जुना कॉक काढताना आट्यांवर गुलाबी-लाल झाक दिसली तर सांभाळून.

मखमलाबादची_सून
आमच्याकडे बोअर. कॉकच्या तोंडावर पांढरा थर इतका की दगडच. दरवर्षी काहीतरी जाम. गीझरची कॉइल पण. आणि बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही हे कोणाला पटतं का? माझ्या माहेरी पटत नाही.

इंदिरानगर_दुसरा_मजला
@मखमलाबादची_सून पटतं पटतं. डाळीपुरतं फिल्टरचं पाणी घ्या.

पंचवटीकर
किंवा डाळ रात्री भिजवा. चिमूटभर सोडा घालतात पण चव जाते.

मखमलाबादची_सून
सोडा नको बाई. सासरे लगेच ओळखतात.

पान्याची_पिशवी
धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. माझे वडील प्लंबर, सिडकोत. मी स्वतः शिक्षक आहे, पण सुट्टीत त्यांच्याबरोबर पिशवी घेऊन हिंडलोय.

"एवढ्याशा कॉकला एवढे पैसे?" हे वाक्य त्यांनी आयुष्यभर ऐकलं. कॉक बदलणं दहा मिनिटांचं काम आहे हे खरंच, जुना नीट निघाला तर. नाही निघाला तर काय होतं ते लिहितो. पाना लावला, जोर दिला आणि कॉक मोकळा झाला असं वाटतं. हातात बघावं तर अर्धाच. आट्यांची कडी भिंतीतल्या एल्बोमध्ये, म्हणजे पाइपच्या वाकणाच्या जोडात, तशीच. आता धरायला काही नाही.

वडील हॅकसॉचं नुसतं पातं काढायचे, एका टोकाला फडकं गुंडाळायचे आणि त्या अर्ध्या इंचाच्या भोकात आतून बाहेर घासायचे. तुटलेली कडी कापायची, पण एल्बोच्या आट्याला पातं लागू द्यायचं नाही. दिसत काहीच नाही, सगळा अंदाज आवाजावर आणि हाताला लागणाऱ्या खरखरीवर. एक चीर झाली की थोड्या अंतरावर दुसरी. मग बारीक छिन्नीने तो तुकडा आत दुमडायचा, पक्कडीने पिळत बाहेर काढायचा. कधी तास लागायचा, कधी त्याहून जास्त. गुडघे फरशीवर, मान बेसिनखाली. जरा चुकलं आणि एल्बोला तडा गेला तर टाइल फोडावी लागणार, आणि घरमालकाला ती टाइल पुन्हा मिळणार नाही. तो ताण त्यांच्या मानेत दिसायचा. काम झालं की आधी त्या भोकात बोट फिरवून बघायचे, आटे शाबूत आहेत ना. मगच पाणी मागायचे प्यायला.

हल्ली अशी कडी काढायचं हत्यार मिळतं, चौकोनी टोकाचं, आत ठोकायचं आणि उलटं पिळायचं. मी त्यांना आणून दिलं. वापरतात, पण पातं अजून पिशवीत असतंच.

गोदाकाठची
@पान्याची_पिशवी दोनदा वाचलं. वडिलांना माझा नमस्कार सांगा. अण्णांच्या हाताखाली बॅटरी धरल्यामुळे असेल, ते खरखर ऐकणं मला अगदी कळलं.

सातपूरचा_टर्नर
सलाम साहेब. आम्ही मशीनवर जे करतो ते मोजून, डोळ्यांसमोर. हे आंधळं काम आहे.

भाड्याचं_घर_कॉलेजरोड
मी स्वतः बदलला!! घरमालक पुण्याला, त्यांचा प्लंबर "उद्या येतो" म्हणायचा आणि यायचाच नाही. रविवार कारंजावरून अर्धा इंची पितळी अँगल कॉक, १८ इंची कनेक्शन पाइप आणि टेप आणली. बेसिनला पेडेस्टल असल्यामुळे मागे हात जात नव्हता. आडवं झोपून, मोबाइलची टॉर्च तोंडात धरून काम केलं. जुना हलेना. कोणीतरी सांगितलं होतं की एका पान्याने ओढू नको, सीपीव्हीसीचा (प्लास्टिक पाइपचा) एल्बो भिंतीत फिरतो. म्हणून गंज सुटायचा स्प्रे मारून चहा पिऊन आले, मग हळूहळू पुढेमागे, पुढेमागे. सुटला! नवीन लावून आधी कॉक बंद ठेवूनच गच्चीवरून पाणी सोडलं आणि खाली टिश्यू पेपर धरला. कोरडा. आईला व्हिडिओ कॉल करून कोरडा टिश्यू दाखवला.

पंचवटीकर
शाब्बास पोरी! मिसळ लागू.

इंदिरानगर_दुसरा_मजला
आईला कोरडा टिश्यू ❤️

परदेशी_नाशिककर
इकडे अमेरिकेत गंमत वेगळी. आमच्या घरात भिंतीतून तांब्याचा पाइप सरळ बाहेर येतो, आटे नाहीत. व्हॉल्व्हमध्ये एक नट आणि पितळी रिंग, नट आवळला की रिंग पाइपवर दाबून बसते. टेप लागत नाही. काम दोन पान्यांचं, एकाने व्हॉल्व्ह धरायचा, दुसऱ्याने नट, नाहीतर पाइपच पिळला जातो. जुनी रिंग पाइपवरून निघत नाही, तिला ओढून काढायचं वेगळं हत्यार आहे. मी ते करताना वडिलांना फोन लावून ठेवला होता. ते नाशिकरोडहून दर दोन मिनिटांनी "टेप लाव रे" म्हणत होते.

देवळालीकॅम्प
नाशिकरोड, कॅम्प भागात येणारा चांगला प्लंबर आहे का कोणाच्या ओळखीत? इथे नंबर टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.

गोदाकाठची
@देवळालीकॅम्प तुम्हाला व्यनि केला आहे. दुपारी दोन ते चार फोन करू नका, झोपतात.

गंगापूररोड_आजोबा
महापालिकेचं पाणी बंद असेल त्या दिवशी कॉक बदलू असं पुष्कळ लोक म्हणतात. त्याचा उपयोग नाही. गच्चीवरच्या टाकीत पाणी असतंच आणि तेच खाली येतं. टाकीचाच व्हॉल्व्ह बंद करावा लागतो. दिवाळीत आम्ही गावी असताना बेसिनखालचा प्लास्टिकचा कनेक्शन पाइप फुटला. खालच्या मजल्यावर नुकतंच नवीन पीओपी केलेलं, सगळं उतरलं. त्या बाईंनी एक वाईट शब्द काढला नाही, उलट आम्ही येईपर्यंत आमच्या दाराशी फडकी लावून ठेवली होती. तेव्हापासून घराला कुलूप लावायच्या आधी मेन बंद करतो. जाळीचा पाइप घ्यावा, प्लास्टिकचा घेऊ नये. आणि घरातला प्रत्येक कॉक महिन्यातून एकदा बंद-चालू करावा. वर्षानुवर्षं हात न लावलेला कॉक नेमका गरजेला फिरत नाही.

मखमलाबादची_सून
आजोबा खालच्या ताईंचं वाचून बरं वाटलं. आमच्या खालच्यांनी चादर वाळत घातली तरी भांडण 😔

पंचवटीकर
ताई, हे तागाचं सूत आणि सफेदा अजून मिळतो का? घरी लोखंडी पाइपच आहेत.

गोदाकाठची
सूत मिळतं, जुन्या हार्डवेअरवाल्याकडे विचारा. सफेद्यात शिसं असू शकतं म्हणतात, पिण्याच्या पाण्याच्या लाइनला मी तरी लावणार नाही. टेप किंवा पाइपसाठीचं सीलंट लावा.

इंदिरानगर_दुसरा_मजला
आजोबांचं वाचून आत्ता किचनमधला कॉक फिरवला. फिरला! पण दांड्यापाशी थेंब येतोय. आता बदलावा लागेल का? @सातपूरचा_टर्नर

सातपूरचा_टर्नर
पूर्ण फिरणारा जुना कॉक आहे की पाव वळणाचा?

इंदिरानगर_दुसरा_मजला
जुना. बरेच वेढे फिरतो.

सातपूरचा_टर्नर
मग घाई नको. मुठीच्या खाली दांड्याभोवती छोटा नट दिसेल, तो ग्लँड नट. पान्याने किंचित आवळा, पाव वळणाहून कमी. थेंब थांबायला हवा. मूठ जड झाली तर थोडा सैल करा. तरीही आलाच तर पाणी बंद करून आतला दोरा बदलायचा, कॉक तोच चालतो. पाव वळणाचा असता तर आतलं कार्ट्रिज बघावं लागलं असतं.

इंदिरानगर_दुसरा_मजला
आवळला. कमी झालाय, पूर्ण थांबला नाही. खाली वाटी ठेवली आहे. नळ आलेत, पाणी भरून घेते आणि रात्री परत बघून लिहिते.