जुन्या एमएम ५४० च्या फायबर टॉपला पारदर्शक पॅनेल: शीट कोणती, किती जाड, बसवायची कशी?

चोपडा_५४०

राम राम मंडळी. गाडी महिंद्राची जुनी जीप, एमएम ५४०. टॉप फायबरचा, बाहेरून करून घेतलेला, जाडी साधारण ४ मिमी. मागच्या बाकांच्या वर ९०० मिमी रुंद, ६०० मिमी लांब तोंड कापायचं आणि त्यावर पारदर्शक पॅनेल टाकायचं. पाल, तोरणमाळ बाजूच्या घाटात मागच्या पोरांना वरचं दिसावं, एवढाच हेतू.

टॉप आडवा बाकदार आहे. ९०० च्या अंतरात मधोमध ४० मिमी उंचवटा येतो. लांबीतही थोडी गोलाई आहे, ६०० ला ८ मिमी. अॅक्रिलिक घ्यावं की पॉलिकार्बोनेट? दुकानात ३ मिमी पुरेल म्हणतात, खरंच पुरेल का? आणि बोल्ट न मारता नुसत्या सिलिकॉनवर चिकटवलं तर?

फायबरवाला_भुसावळ

अॅक्रिलिक नको. दिसायला काचेसारखं स्वच्छ, ओरखडेही कमी पडतात, पण बोल्टच्या भोकापासून तडकतं आणि फुटलं की धारदार तुकडे होतात. डोक्यावर ती वस्तू नको. पॉलिकार्बोनेटच घ्या, सॉलिड, ६ मिमी, एका बाजूला यूव्ही थर (उन्हाने पिवळं पडू न देणारा) असलेलं. पोर्चवर टाकतात ती पोकळ नळ्यांची शीट घेऊ नका, तिच्यातून आरपार दिसत नाही आणि नळ्यांत धूळ-शेवाळ साचतं. ३ मिमी एवढ्या मापाला फडफडते. ४ मिमी चालेल, पण मग तोंडाच्या मधून एक आडवी कमान द्यावी लागेल, म्हणजे पाहायची मजा तिथेच संपली.

बाक आधी मोजून घ्या. त्रिज्या = रुंदीचा वर्ग ÷ (८ × उंचवटा) + उंचवट्याचा निम्मा. तुमच्या मापाने ८,१०,००० भागिले ३२०, अधिक २०, म्हणजे सुमारे २५५० मिमी. पॉलिकार्बोनेट थंड वाकवताना त्रिज्या जाडीच्या दीडशे पटीहून कमी नको. ६ मिमीला ९०० मिमी. तुम्ही खूप आत आहात, हाताने दाबून बसेल. हीट गन लावू नका. ही शीट हवेतला ओलावा पिते, भट्टीत नीट सुकवल्याशिवाय तापवली की आत बुडबुडे येतात. ओरखडे-रोधक कडक थर दिलेली शीट मिळते, पण ती वाकवल्यावर थराला बारीक तडे जाण्याचा धोका असतो. घ्यायचीच तर किमान त्रिज्या विचारून घ्या.

खरी अडचण त्या ८ मिमीची आहे. सपाट शीट एकाच दिशेने वाकते, दोन्हीकडून नाही. जबरदस्तीने आवळली तर मध्ये टेकेल, पुढची-मागची कड उघडी राहील आणि पहिल्याच पावसात गळेल. म्हणून तोंडाच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीवर फायबरची भर घालायची. लांबीत सरळ पट्टी ठेवायची, खाली जेवढी फट दिसेल तेवढी भर, बाजूंना मध्याकडे उतरती करत शून्यावर आणायची. ४५० जीएसएमच्या (चौरस मीटरला ४५० ग्रॅम) काचधाग्याच्या मॅटचा एक थर साधारण १ मिमी देतो, म्हणजे टोकाला ८ थर. एका दमात टाकू नका, तीन-चार थरांनंतर थंड होऊ द्या, नाहीतर रेझिन (मॅटमध्ये मुरवायचा, घट्ट होणारा चिकट द्रव) स्वतःच्याच उष्णतेने तापून तडकतं.

तोंड कापताना कोपरे ७५ मिमी गोल ठेवा. काटकोनी कोपऱ्यातून फायबरला चीर जातेच. कापल्यावर टॉप लिबलिबीत होतो, तेव्हा आतून कडेभोवती ८० मिमी रुंदीचे तीन थर आणि पुढे-मागे २० बाय २० चौकोनी पाईपची, त्याच बाकाला रोल करून घेतलेली एकेक कमान. सगळं धरून १ किलो मॅट आणि अडीच किलो रेझिन पुरतं. आपल्याकडच्या उन्हात कॅटॅलिस्ट (रेझिन घट्ट करणारं हार्डनर) रेझिनच्या किलोला १० मिलीपेक्षा जास्त नको आणि काम सकाळी सात-आठच्या आत उरका. दुपारी डब्यातच घट्ट होतं. कोबाल्ट (घट्ट होणं लवकर घडवणारं द्रावण) आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीच मिसळू नका, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळा, मग कॅटॅलिस्ट. फायबर घासताना मास्क लावा आणि पूर्ण बाह्या घाला.

शीट १००० बाय ७०० कापा, म्हणजे चारही बाजूंना ५० मिमी टेकण मिळतं. वजन ५ किलोच्या आसपास भरेल. जिगसॉला बारीक दात्याचं पातं, शीट दोन्ही बाजूंनी आवळून, शीटवरची संरक्षक फिल्म तशीच ठेवून. ग्राइंडरने कड वितळते. कापलेली कड पॉलिश पेपरने गुळगुळीत करा, कारण खडबडीत कडेतूनच तडा सुरू होतो.

आता भोकं. एक मीटर पॉलिकार्बोनेट ६० अंशांच्या फरकाला जवळजवळ ४ मिमी वाढतं. डिसेंबरातली पहाट आणि मे महिन्यातल्या दुपारी तापलेलं छत यांच्यात एवढा फरक सहज पडतो. फायबर त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढतं. म्हणून एम६ (६ मिमी जाड) बोल्टला शीटमध्ये १० मिमीचं भोक आणि फायबरमध्ये साडेसहाचं. कडेपासून भोकाचा मध्य २५ मिमी आत, दोन बोल्टांत १५० मिमी, एकूण २२ लागतील, स्टेनलेसचे. ड्रिल सावकाश चालवा, खाली प्लायवूड धरा, तेल लावू नका. खाली १० मिमी जाड, ३० मिमी रुंद ईपीडीएम (ऊन-पाणी सोसणारं) रबर. वर ईपीडीएम वॉशर आणि त्यावर मोठा स्टील वॉशर. रबर ७ मिमीवर आलं की थांबा, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) लावा. थ्रेडलॉकरचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा गोंद) थेंबही नको, त्याने पॉलिकार्बोनेट चिरतं. मऊ पीव्हीसीचं गॅस्केटही नको, त्यातलं तेल शीटमध्ये उतरून बारीक भेगा पडतात.

सिलिकॉनवर चिकटवलं तर शीट सरकायला जागा राहत नाही, आणि ८० च्या वेगाला वरून १५-२० किलोची ओढ बसते ती वेगळीच. बोल्टच्या जोडीला कडेला लावायचं तर न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा वास येतो ते नाही.

तापीकाठ

वरचं सगळं बरोबर, पण उन्हाचा विचार कोणी केला नाही भो. मे महिन्यात दुपारी एवढ्या तोंडातून चारशे वॅटच्या आसपास ऊन आत उतरेल. ५४० ला एसी नाही. मागे बसणाऱ्याचा भाजून पापड व्हायचा.

टिंटेड शीटने थोडा फरक पडतो, पण ती स्वतःच जास्त तापते, म्हणून भोकं १० ऐवजी ११ करा. वरून उन्हाची फिल्म चिकटवू नका. पॉलिकार्बोनेटमधून वायू सुटत राहतो, फिल्मखाली फोड येतात. आतून पडदा लावून फायदा कमी, तोवर उष्णता गाडीत शिरलेली असते. बाहेरून ताडपत्रीचा झाकणवजा तुकडा, चारही बाजूंना चुटपुट बटणं. गाडी उभी असताना लावायचा, घाटात काढायचा. केळीच्या रोपांवर टाकतात त्या ७५ टक्के शेडनेटचा तुकडाही चालतो, फक्त शीटला घासू देऊ नका, खालून मऊ कापड शिवा.

आणि पुसताना आधी भरपूर पाणी, मग साबणाचं पाणी. काळ्या मातीच्या धुळीवर कोरडा गमछा फिरवला की शीट महिन्याभरात धुरकट. पेट्रोल, थिनर, काच पुसायचा अमोनियावाला फवारा, तिन्ही बंद.

चोपडा_५४०

धन्यवाद दादा. ६ मिमीच घेतो. हिवाळ्यात काढून ठेवता येईल असं करता येईल का?

पद्मिनी_धुळे

यात घुसतोय, माफ करा. माझी प्रीमियर पद्मिनी आहे. तिच्या छताला असंच तोंड कापलं तर?

फायबरवाला_भुसावळ

पद्मिनीला हात लावू नका, भाऊ. तिला वेगळी चासी नाही, छताचा पत्रा आणि आडव्या पट्ट्या बॉडीची ताकद धरतात. तोंड कापलं की खराब रस्त्यावर दरवाजे अडकायला लागतील. ५४० चा टॉप नुसती टोपी आहे, भार खाली चासीवर. म्हणून तिथे जमतं. अर्थात उलटल्यावर फायबर टॉप आधीही वाचवत नव्हता, आताही वाचवणार नाही.

काढता येणारं हवं तर शीट अॅल्युमिनियमच्या चौकटीत याच भोकांनी बसवा. चौकटीला पुढे दोन जिभा, टॉपच्या कडेखाली अडकणाऱ्या. मागे दोन टॉगल लॅच (ओढून आवळायच्या कड्या). पुढची बाजू लॅचवर सोडू नका, वारा तिथूनच उचलतो. शिवाय नायलॉनचा एक पट्टा आतून बांधून ठेवा. रबराचा सांधा कोपऱ्यात नको, मागच्या बाजूला मध्यावर.

एमएच१९_कागदपत्रं

कापण्याआधी आरसीवर बॉडीचा प्रकार काय लिहिलाय ते बघा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेतल्या बदलाबद्दल आहे. आणि १५ वर्षांवरची गाडी दर ५ वर्षांनी नोंदणी नूतनीकरणाला न्यावी लागते, तेव्हा इन्स्पेक्टर छत बघणारच. आरटीओत आधी लेखी विचारून ठेवा. बाजूच्या काचांना काळी फिल्म सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात बंद केली, ती या कामात घुसडू नका.

तापीकाठ

शीटची यूव्ही बाजू संरक्षक फिल्मवर छापलेली असते, ती वर. फिल्म काढण्याआधी त्या बाजूला टेपचा तुकडा लावा, नंतर दोन्ही बाजू सारख्याच दिसतात. उलटी बसली तर पिवळी पडते. बसवून झाल्यावर फिल्म उन्हात ठेवू नका, भाजून चिकटते.

गळती तपासायची तर पाण्याआधी खडू. रबरावर खडू चोळा, पॅनेल बसवा, आवळा, परत काढा. शीटवर खडूची रेघ जिथे तुटली तिथे पाणी येणार. बहुतेक वेळा पुढच्या दोन कोपऱ्यांत तुटते. तिथे भर कमी पडलेली असते. आणखी एक थर टाका. बोल्ट जास्त आवळून ती फट भरू नका.