मदत हवी आहे : सोलापुरात एपीओई तपासणी कुठे होते?

सुईदोरा : नमस्कार. बाबांच्या एमआरआयमध्ये ‘हिप्पोकॅम्पस आकसलाय’ असं आलंय, म्हणजे मेंदूतला आठवणींचा भाग. डॉक्टरांनी दोन मिनिटांत गोळ्या लिहून दिल्या. भाऊ रोज पुण्याहून फोन करतो, आपल्या सगळ्यांची एपीओई जनुकाची तपासणी करू म्हणतो. सोलापुरात कुठे होते, किती पैसे? लवकर सांगा, उद्या सकाळीच जायचंय.

होटगीरोड : वय काय? त्रास कधीपासून? घरात आधी कुणाला?

मधुमालती : सासूबाईंना मी रोज ब्राह्मी तूप आणि पाच अक्रोड देते. खूप फरक पडला. गोळ्यांच्या मागे लागू नका.

लॅबवाला : ताई, कुणाच्या गोळ्या अशा बंद करायला सांगू नका. सुईदोरा, एपीओईचे ई२, ई३, ई४ असे प्रकार. आईकडून एक, वडिलांकडून एक. ई४ असला तर अल्झायमरचा धोका वाढतो, दोन्हीकडून आला तर आणखी. पण तो असून कित्येकांना काही होत नाही आणि नसूनही होतो. घराण्यात साठीच्या आतच आजार आणणारी जनुकं वेगळी : एपीपी, प्रेसेनिलिन १ आणि २.

मधुमालती : बंद करा कुठे म्हटलं मी? स्वतःचा अनुभव सांगितला.

भुईकोट : पुण्याला नेणार असाल तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस धरा.

सुईदोरा : पुण्याला जायचंच नाहीये. वय ७४, दोन वर्षं झाली. आजी ८८ व्या वर्षी गेली, शेवटपर्यंत सगळ्यांना ओळखायची. परवा बाबा सात रस्ता चौकात उभेच राहिले, घराकडे कुठं वळायचं कळेना. मी मागून हाका मारतेय, बघितलंच नाही. पण टॉवेल हातात दिला की काठावरून अंगठा फिरवून तुटलेला धागा अजून बरोबर काढतात.

होटगीरोड : मागावर होते का?

सुईदोरा : हो, पूर्व भागात, चाळीस वर्षं.

होटगीरोड : मग आधी कान तपासा! माझे मामा यंत्रमागावरच होते, खडखडाटात कान गेले त्यांचे. तुमची हाक बाबांना ऐकूच आली नसेल. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) १४ धोके सांगितले, जे कमी करता येतात. त्यात कमी ऐकू येणं आहे, बीपी आणि साखरही आहे. बी१२, थायरॉईड केलं का? आणि वयानं हिप्पोकॅम्पस सगळ्यांचाच थोडा आकसतो. बाबांचा वयाच्या मानाने जास्त आहे का, हे न्यूरोलॉजिस्टना स्पष्ट विचारा.

चादरवेडा : पूर्व भागात जुन्या वीणीची चादर कुठे मिळेल अजून?

लॅबवाला : वेगळा धागा काढा हो. सुईदोरा, जनुक तपासणीने बाबांचं आज काही बदलणार नाही. भावंडांना करायचीच असेल तर आधी जनुकीय समुपदेशकाशी बोला.

सुईदोरा : कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. दोन्ही कान कमी आहेत. तपासताना मशीन लावून बघितलं तर बाबा वर बघून म्हणाले, “पंख्याचा आवाज येतोय.” बी१२ चं रक्त दिलंय, रिपोर्ट उद्या. साखरेचा रिपोर्ट वर्षापूर्वीचा आहे, तो चालेल का?