‘रेसिडेंट’ला काय म्हणावं? (निवासी / रहिवासी / प्रवेशित)

अक्षरओळ: एका वृद्धनिवासाची कर्मचारी-पुस्तिका मराठीत करते आहे. मुद्दा असा, की तिथे राहणारी व्यक्ती मध्यभागी धरून डॉक्टर, सिस्टर, फिजिओ, आहारतज्ज्ञ आणि मावशी यांनी मिळून ठरवायचं, आपापल्या फायलीत वेगवेगळं नाही. शीर्षक दिलं ‘निवासीकेंद्री शुश्रूषा’. तिथले डॉक्टर म्हणाले, ‘आमच्याकडे निवासी डॉक्टर नसतातच.’ मग ‘रहिवासी’ केलं, तर कार्यालयातल्या बाईंना तलाठ्याचा दाखला आठवला. ‘रुग्ण’ मला लिहायचं नाही. आजारी असोत-नसोत, त्यांचं ते घर आहे. आणि ‘टीमवर्क’ला ‘सांघिक कार्य’ म्हटलं की कबड्डी डोळ्यांपुढे येते. सुचवा.

खडूफळा: ‘निवासी’च ठेवा. निवासी शाळा, निवासी उपजिल्हाधिकारी, अनिवासी भारतीय, एवढ्या ठिकाणी तो शब्द नीट चालतो. डॉक्टरांच्या संपाच्या बातम्यांनी त्याला एकच अर्थ चिकटवला म्हणून आपण तो सोडून द्यायचा का? असे शब्द सोडत गेलो तर उरेल काय?

पाणवठा: सरकारी कागदांत ‘प्रवेशित’ असतं. प्रवेशित वृद्ध, प्रवेशित बालके.

अक्षरओळ: ‘प्रवेशित’ ऐकलं की रजिस्टरमधली नोंद दिसते, माणूस दिसत नाही.

रात्रपाळी: मी परिसेविका म्हणून निवृत्त झाले. आमची पदनामं फार सुंदर होती: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. पगारपत्रक सोडलं तर कुणाच्या तोंडी नव्हती. वॉर्डात सिस्टर, इन्चार्ज बाई, मेट्रन, मामा आणि मावशी. व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी) तज्ज्ञांना सगळे ‘ओटी’ म्हणत. ‘आजींना ओटीकडे न्या’ असं सांगितलं, तर त्यांचा मुलगा ऑपरेशन थिएटरच्या दारात जाऊन रडत उभा होता. शब्द शुद्ध आहे की नाही हे नंतर बघा. पाळी बदलताना ओव्हर देतो तेव्हा घेणाऱ्याला तो कळला पाहिजे.

खडूफळा: ताई, ‘व्यवसायोपचार’ लोकांना कळत नाही, कारण आपण तो कधी वापरलाच नाही. ‘महापौर’ही एकेकाळी नवाच होता.

रात्रपाळी: महापौर न कळल्याने कुणाचा घास अडकत नाही, सर.

मूळ_धातू: ‘शुश्रूषा’बद्दल लिहायचं राहवत नाही. (आधी लेखन: पहिला श ऱ्हस्व, दुसरा दीर्घ. ‘सुश्रुषा’ चूक.) ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, त्याचं इच्छार्थक रूप. शुश्रूषा म्हणजे मुळात ऐकण्याची इच्छा. ज्याची सेवा करायची त्याचं आधी ऐकायचं, हे शब्दातच आहे. ‘काळजी’मध्ये ते नाही, तिथे नुसता घोर आहे.

खडूफळा: व्युत्पत्ती बरोबर, पण अर्थ ओढून आणलात. शिष्य गुरूचं ऐकतो, म्हणून आज्ञापालन, म्हणून सेवा. आजोबांच्या मनातलं जाणून घेणं त्यात नव्हतं.

मूळ_धातू: नव्हतं, मान्य. आता घालू या.

बांधावरून: टीमवर्कला आमच्याकडचा ‘सावड’ घ्या ना. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या.

रात्रपाळी: सावडीत सगळे एकच काम करतात. इथे प्रत्येकाचं काम निराळं, तरी निर्णय एक. आणि वृद्धनिवासात ‘सावडणे’? तिसऱ्या दिवशी काय सावडतात ते तिथल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. कृपया नको.

बांधावरून: हे ध्यानातच आलं नाही. मागे घेतो.

लेक_माहेरची: माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला, गिळायला त्रास होता. वाचोपचार तज्ज्ञांनी (स्पीच थेरपिस्ट, गिळण्याचा त्रासही त्याच बघतात) फायलीत इंग्रजीत लिहिलं, द्रव पदार्थ मध्यम दाट द्या. सिस्टरने वाचलं. चहा मात्र मावशी पाजायच्या आणि फाईल त्यांच्यापर्यंत यायची नाही. बाबांना पातळ चहाने ठसका लागायचा, पुढे छातीत कफ झाला. त्यानंतर सगळे पहिल्यांदा एकत्र बसले. मावशींनी एकच विचारलं, ‘पळीवाढं की सरसरीत?’ तज्ज्ञ बाईंना उत्तर देता येईना, मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या. बाबांना चहा बशीतून लागतो हेही मावशींनीच सांगितलं. आठ दिवस बाबा कप ढकलून देत होते आणि आम्ही ते ‘सहकार्य नाही’ असं लिहीत होतो. तुमच्या पुस्तिकेत ‘पळीवाढं’ असू द्या.

घासघोट: मी वाचोपचाराच्याच कामातली. तुमच्या मावशी मला हव्या होत्या. फक्त एक विनंती, निव्वळ शब्दावर सोडू नका. आयडीडीएसआय, म्हणजे गिळायला त्रास असणाऱ्यांच्या खाण्यापिण्याचा दाटपणा ठरवायची आंतरराष्ट्रीय पद्धत, तिच्यात पेयांना ० ते ४ पातळ्या आहेत. १० मिलीच्या सिरिंजमध्ये पेय भरायचं, १० सेकंद गळू द्यायचं. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर २, आठाच्या वर उरून तरी गळत असेल तर ३. त्यासाठी ठरलेल्या मापाचीच सिरिंज लागते. स्टार्चची पावडर घातलेला चहा कपात राहून आणखी दाट होतो, म्हणून पाजण्याच्या वेळी बघायचं. आणि ठसका लागला नाही म्हणजे सुरळीत गेलं असं नाही, काहींच्या श्वासनलिकेत गेलं तरी खोकला येत नाही. घोटानंतर ओला, घोगरा आवाज आला तर मावशींनी लगेच सांगावं.

पाणवठा: ‘सरसरीत’ हे ‘पळीवाढं’पेक्षा पातळ ना?

बांधावरून: नाही हो. सरसरीत म्हणजे धिरड्याचं पीठ. पळीवाढं म्हणजे आमटी.

लेक_माहेरची: आमच्या घरी पळीवाढं पिठलं असतं, आमटीपेक्षा बरंच दाट.

खडूफळा: शब्दातच आहे, पळीने वाढता येईल असं. आमटीही पळीनेच वाढतात. तेव्हा या शब्दावर औषधाचं माप ठरवू नये.

अक्षरओळ: काल तिथे जाऊन विचारलं. स्वयंपाकघरातल्या तिघींनी ‘पळीवाढं’ म्हणून तीन वेगवेगळ्या वाट्या पुढे ठेवल्या. म्हणून पातळी आकड्यात, शेजारी सिरिंजचं चित्र आणि खाली त्या घरात ठरलेला शब्द, असं करते आहे. शीर्षक सोमवारी छपाईला द्यायचंय, ‘रेसिडेंट’ची जागा अजून रिकामी आहे.

बांधावरून: धिरड्याच्या पिठाला विदर्भात काय म्हणतात, कुणाला माहीत आहे का?