पॅन्सी नुसतीच लांबतेय, छाटू का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. पुण्यात राहते, पूर्वेकडची बाल्कनी. डिसेंबरात नर्सरीतून पॅन्सी या थंडीतल्या फुलझाडाची रोपं आणली तेव्हा चांगली बुटकी, गच्च होती. आता जानेवारी सरत आला आणि दांडे वीतभर लांबून कुंडीच्या काठावर लोळतायत. दोन पानांमध्ये बोटभर अंतर, खालची पानं पिवळी, फुलं पहिल्यापेक्षा निम्मी. पानं उलटून पाहिली, मावा कीड नाही. सुकलेली फुलं देठासकट खुडते, बी धरू देत नाही.

ऊन सकाळी नऊपर्यंतच, मग समोरच्या इमारतीची सावली. सगळे दांडे कठड्याकडे माना वळवून आहेत, म्हणून माझा पहिला संशय उन्हावर. शेजारच्या काकूंचं मत वेगळं: शेंगदाणा पेंडीचं पाणी दर आठवड्याला घालतेस, नत्र जास्त होऊन नुसता पाला माजतोय. तेही पटतं. पेंड सध्या बंद केलीय.

आता खरा प्रश्न. बुडापासून तीन-चार इंच ठेवून, पेराच्या जरा वर छाटलं की खालून फुटवे येतात हे माहीत आहे. पण फुटवे येऊन कळ्या धरेपर्यंत फेब्रुवारी जाईल, आणि आपल्याकडे मार्चचं ऊन या थंडीच्या झाडाला कुठलं सोसायला! मग सगळे दांडे एकदम छाटू, की निम्मे आत्ता आणि उरलेले नंतर? आणि कुंड्या गच्चीवर थेट उन्हात ठेवल्या तर चालतील, की आधी काही दिवस हिरव्या जाळीखाली ठेवू? पुण्या-नाशकाकडे कुणी हे केलं असेल तर नक्की सांगा.