'मुलेसुद्धा' की 'मुले सुद्धा'?

कार्यवाह
आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवाचे निमंत्रण छापायला जायचे आहे आणि समिती एका मोकळ्या जागेवर अडून बसली आहे. 'स्पर्धेत लहान मुलेसुद्धा भाग घेऊ शकतील' असे मी लिहिले होते. मुद्रिते तपासणाऱ्या बाईंनी 'मुले' आणि 'सुद्धा' यांच्यात जागा सोडली आणि 'हे शब्द तोडूनच लिहितात' असा शेरा समासात मारला. शब्दयोगी अव्यये जोडून लिहायची असतात, असे आम्ही शाळेत शिकलो. मात्र त्याच मसुद्यात 'सभासदांसाठी' त्यांनी जोडलेलेच ठेवले आहे, त्यामुळे त्यांचा नियम नेमका कोणता, हे मला कळेनासे झाले आहे. जाणकारांनी कृपया सांगावे.

गुरुजी
'सभासद' या शब्दाचे 'सभासदां' असे सामान्यरूप, म्हणजे पुढे काही जोडण्यासाठी बदललेले रूप, झाले, की तो शब्द वाक्यात एकटा उभा राहू शकत नाही, म्हणून 'साठी' तोडावे असे त्या बाईंना वाटले नसणार. 'सुद्धा', 'देखील', 'च', 'मात्र' यांच्याआधी शब्दाचे सामान्यरूप होत नाही, 'मुले' हे 'मुले'च राहते आणि त्यामुळे तोडण्याचा मोह होतो. तथापि व्याकरणकारांनी यांनाही शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणून शब्दयोग्यांतच बसवले आहे, तेव्हा 'मुलेसुद्धा' हेच बरोबर आहे. 'मी च' असे कोणी लिहीत नाही, मग 'सुद्धा'नेच काय पाप केले आहे?

तिरकस
मग त्याच न्यायाने 'मी पण येतो' हे वाक्य जोडून लिहून दाखवा. 'मीपण येतो' असे छापले, तर कार्यक्रमाला माणसाऐवजी त्याचा अहंकार येईल.

गुरुजी
लेखी मराठीत तिथे 'मीही' लिहावे, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

तिरकस
लिहिणाऱ्याचा शब्दच बदलून नियम वाचवायचा असेल, तर कोणताही नियम अबाधित राहील.

माजघर
गुरुजी, तुमचा नियम मला मान्य आहे, परंतु 'सुद्धा' हा शब्द तुम्ही दाखवता तितका सरळ नाही. 'मुलाबाळांसुद्धा या' असे आमच्याकडे आग्रहाने सांगत असत आणि त्याचा अर्थ 'मुलाबाळांना घेऊन या' असा होता. इथे 'मुलाबाळां' हे सामान्यरूप स्पष्ट दिसते आणि 'सुद्धा'चा अर्थ 'सह' असा आहे. 'मुलेसुद्धा येतील' या वाक्यात सामान्यरूप नाही आणि अर्थ 'ही' असा आहे. पहिल्या ठिकाणी तोडणे अशक्यच आहे, दुसऱ्या ठिकाणी मात्र तोडणाऱ्याची बाजू निदान ऐकून घेण्याजोगी आहे. हाच शब्द पूर्वी 'सुद्धां' असा सानुस्वार लिहीत, याचीही कार्यवाहांनी नोंद घ्यावी, म्हणजे समितीत आणखी एक वाद लावता येईल.
जाता जाता सांगते, 'देखील' हा शब्द 'देखणे'वरून आला असे अनेक जण ठामपणे सांगतात, पण मला तो अरबीतून आलेल्या 'दाखल'चा सोयरा वाटतो. 'त्यालादेखील' म्हणजे 'त्यालाही त्यात दाखल करून'.

गुरुजी
माजघरताई, ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवायची झाली, तर 'देखणे' आणि 'दाखल' या दोघांचाही दावा सारखाच लंगडा आहे.

इंदूरकर
तोडून लिहिण्याचे मूळ मला हिंदीत दिसते. हिंदीत 'राम ने' आणि 'राम के लिए' तोडून लिहितात, सर्वनामाला मात्र 'उसने' असा प्रत्यय जोडतात. आमच्या इंदुरात मराठी घरी आणि हिंदी शाळेत, त्यामुळे 'माझ्या साठी' आणि 'घरा समोर' असे लिहिलेले इथे कोणाच्या डोळ्यांना खुपत नाही.

अंगठेबहाद्दर
पुण्यातही सर्रास तसेच लिहिले जाते, आणि तिथे सगळा दोष हिंदीवर टाकता येणार नाही. फोनवर 'माझ्या' हा शब्द सुचवणीतून निवडला, की कळफलक त्यापुढे स्वतःहून जागा सोडतो, नंतर 'साठी' उमटते आणि मागे जाऊन ती जागा पुसण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही. शिवाय 'विद्यार्थ्यांच्यासाठीदेखील' यासारखा लांबलचक शब्द अरुंद पडद्यावर ओळीत मावत नाही. वाचणाऱ्याची सोय होत असेल, तर तोडण्यात एवढे काय बिघडते?

गुरुजी
काय बिघडते ते पाहा. 'त्यापुढे गेल्या' आणि 'त्या पुढे गेल्या' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्यात कोणत्या तरी गोष्टीपलीकडे जाणे आहे आणि तिथे 'पुढे' हे शब्दयोगी आहे. दुसऱ्यात काही बायका पुढे गेल्या आहेत आणि 'पुढे' हे क्रियाविशेषण आहे. 'त्याबरोबर' म्हणजे 'त्यासह' किंवा 'तत्क्षणी', आणि 'त्या बरोबर होत्या' म्हणजे त्यांचे म्हणणे योग्य होते. एकदा सगळेच तोडून लिहायचे ठरले, की हा भेद कागदावरून नाहीसा होतो आणि वाचकाला प्रत्येक वाक्य दोनदा वाचावे लागते. तुमची सोय ती हीच का?

मोडीवाचक
गुरुजींनी थोडे मागे जाऊन पाहावे. मोडीत आधी आडवी ओळ आखून घेत आणि तिच्याखाली अक्षरे सलग लिहीत जात, दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचा प्रघातच नव्हता. विरामचिन्हेही नव्हती. स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह हा सगळा परिवार एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने इंग्रजीच्या धर्तीवर मराठीत रुजला. ज्या मोकळ्या जागेसाठी आपण आज परंपरेचा दाखला देतो, ती छपाईबरोबर आलेली आहे. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे १४ आणि १९७२मध्ये भर पडलेले ४ असे एकूण १८ नियम पाहिले, तर त्यांचाही मुख्य भर अनुस्वारांवर आणि ऱ्हस्व-दीर्घांवर आहे, मोकळ्या जागांवर नाही.

गुरुजी
मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही पाळत नसत. तेवढ्यावरून आज 'दिन' आणि 'दीन' एकच मानायचे का? आणि शब्दयोगी जोडण्याचा संकेत शुद्धलेखनाच्या नियमांतून नव्हे, व्याकरणातून आलेला आहे. 'शब्दयोगी' या नावातच तो सांगितलेला आहे.

माजघर
सामान्यरूप एकटे उभे राहू शकत नाही, हे तरी निरपवाद आहे का? 'साधुसंत येती घरा' यातला 'घरा' एकटाच उभा आहे आणि चांगला ताठ उभा आहे.

गुरुजी
तो जुन्या चतुर्थीचा अवशेष आहे, ताई. आज 'मी घरा येतो' असे आपण म्हणत नाही.

निवृत्त जुळारी
मंडळी, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या आमच्यासाठी मोकळी जागा म्हणजे शिशाचा खिळाच होता. तो अक्षरांच्या खिळ्यांपेक्षा बुटका असायचा, म्हणून त्याला शाई लागत नसे. ओळ भरत नसली, की आम्ही शब्दांच्या मध्ये आणखी बारीक खिळे घालून ती ताणत असू, परंतु 'घरासमोर'च्या मध्ये खिळा घालण्याची मुभा नव्हती. प्रश्नचिन्हाआधी मात्र आम्ही मुद्दाम एक पातळ खिळा घालत असू, कारण शेवटच्या अक्षराचा काना चिन्हाला चिकटलेला दिसे. आज 'काय ?' असे लिहिणाऱ्याला लोक अडाणी ठरवतात, तेव्हा मला हसू येते.
मला खरोखर त्रास होतो तो विसर्गाचा. 'विषयः', 'स्थळः', 'वेळः' असे लिहून त्यापुढे मजकूर देतात. तिथे अपूर्णविराम (:) हवा, विसर्ग नव्हे. उलट 'अंत:करण'मध्ये विसर्गाच्या जागी अपूर्णविराम घालतात आणि मग तो शब्द शोधायला गेले, तर सापडत नाही. कार्यवाह, आपल्या निमंत्रणात 'स्थळ' नक्की असेल, ते एकदा तपासून घ्या.

तिरकस
अपूर्णविराम तरी कशाला हवा? ओळ बदलली की पुरे.

कार्यवाह
'स्थळ'पुढे विसर्गच निघाला, तो काढला. 'सुद्धा'बद्दल समितीला नेमके काय कळवू?

माजघर
'लहान मुलांनाही भाग घेता येईल' असे लिहा.

गुरुजी
त्याने वाक्य सुटेल, नियम सुटणार नाही. 'मुलेसुद्धा' जोडूनच छापा.

अंगठेबहाद्दर
निमंत्रणात पाहुण्यांचे नाव आद्याक्षरांसह असेल, म्हणून आत्ताच विचारून ठेवतो. दोन आद्याक्षरांच्या मध्ये टिंबानंतर जागा सोडायची की नाही? आमच्याकडे एकाच पत्रिकेत दोन्ही प्रकार छापून आले होते.

निवृत्त जुळारी
पातळ खिळा.

गुरुजी
पूर्ण जागा सोडावी. प्रत्येक आद्याक्षर हा एका स्वतंत्र शब्दाचा संक्षेप आहे.