मदत हवी आहे: भाच्याला बाहेरच्या देशात बास्केटबॉल खेळायचंय, एजंट खरा कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी, भाचा नाशिकला सिडकोत राहतो, साडेसहा फूट उंची, दाराच्या चौकटीतून वाकूनच आत येतो, आता त्याला परदेशी लीगमध्ये खेळायचंय. एकजण भेटलाय, म्हणतो युरोपात क्लब बघून देतो पण आधी रजिस्ट्रेशनचे पैसे भरा, ताई तर एफडी मोडायला निघालीय! मला काही हे पटत नाहीये.

मला एवढं माहितीये की फिबाचे (म्हणजे बास्केटबॉलची जागतिक संघटना) लायसन्सवाले एजंट असतात, यादी त्यांच्या साइटवर असते, आणि दुसऱ्या देशात खेळायला आपल्या फेडरेशनकडून लेटर ऑफ क्लिअरन्स, म्हणजे तिकडे खेळायला हरकत नाही असं पत्र, लागतं. पोराच्या डोक्यात सतनाम सिंग, 2015 ला एनबीएच्या (अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग) डॅलस टीमने ड्राफ्ट केलेला, म्हणजे निवडलेला तो, पण एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही हे कोण सांगणार? आपला भारताचा खेळाडू अमज्योत सिंग जपानमध्ये खेळला, तसलं काहीतरी मला जास्त जमण्यासारखं वाटतं.

तर नाशिकमधून किंवा महाराष्ट्रातून कुणी बाहेर खेळलंय का? क्लिअरन्सचा अर्ज क्लब करतो की आपण? व्हिसा, राहणं, दुखापतीचा इन्शुरन्स करारात लिहून घ्यायचा ना? आणि क्लबला पाठवायला मॅचचे व्हिडिओ कसे काढायचे, आमच्याकडे सगळे मोबाईलवर हलत हलत काढलेले आहेत. प्लीज लवकर सांगा, ताई रोज बँकेचं नाव काढतेय.