शनिवारचा सिनेमा: डिस्कची मागची बाजू बघा

गुरुवार, रात्री

केतन (बी-४०२): शनिवारी ९ वाजता आमच्याकडे सिनेमा. 'लेट द राइट वन इन', स्वीडिश, २००८ चा. दादाने अमेरिकेहून डीव्हीडी आणलीये. रक्तपात आहे, मुलांना आणू नका.

सुनीता काकू (ए-१०३): रक्तपिपासू मुलीचा ना रे? आपल्याला स्वीडिश कुठे कळतंय, इंग्रजी डब लाव सरळ.

अनघा (सी-२०१): काकू, डब नको, अगदी मनापासून सांगते. एलीचं काम लीना लेआंडरसनने केलंय, पण दिग्दर्शक टोमास आल्फ्रेडसनने तिला मुद्दाम दुसऱ्या मुलीचा जरा जाड आवाज दिलाय. बारा वर्षांची दिसते, पण बारा वर्षांची वाटत नाही, ती त्या आवाजामुळे. डब लावला की तोच जातो.
आणि केतन, डिस्कच्या मागे सबटायटल्सपुढे काय लिहिलंय?

केतन (बी-४०२): नुसतं 'इंग्लिश'.

अनघा (सी-२०१): अरेरे, मग ती पहिल्या खेपेची असणार. मार्च २००९ मध्ये अमेरिकेत डिस्क आली तेव्हा थिएटरमधली सबटायटल्स काढून दुसरीच घातली होती. वाक्यं छाटलेली, सपाट केलेली, काही बोलणी तर गाळलेलीच. थिएटरात पाहिलेल्यांनी दोन्हीकडच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या, फार ओरड झाली. मग वितरकाने पुढच्या डिस्कवर जुनी सबटायटल्स घातली. त्यांच्यावर 'इंग्लिश' पुढे 'थिएट्रिकल' असं छापलेलं असतं.

सुनीता काकू (ए-१०३): अगं, पण अर्थ कळला म्हणजे झालं ना?

अनघा (सी-२०१): काकू, तुम्ही निघताना दारात 'येते हं' म्हणता. खाली कुणी 'मी जाते' लिहिलं तर? अर्थ कळेल, पण तुम्ही हरवाल. या सिनेमात तर सगळं दाराशीच अडतं. 'आत ये' म्हटल्याशिवाय एलीला उंबरा ओलांडता येत नाही. तिच्या शेजारी राहणारा मुलगा, ऑस्कर, एकदा तसं म्हणत नाही, ती तशीच आत येते आणि तिच्या अंगातून रक्त झिरपायला लागतं. त्या दोघांचं बोलणं इतकं थोडं आहे की एक शब्द गेला तरी जाणवतं.

केतन (बी-४०२): मग काय करू?

अनघा (सी-२०१): माझ्याकडे थिएट्रिकलवाली आहे, घेऊन येते. फक्त डिस्कना देशांप्रमाणे रिजनचे आकडे असतात, ती अमेरिकेची, रिजन १ ची आहे, आपल्याकडचे प्लेअर रिजन ५ चे. तुझा सगळे रिजन वाचतो ना?

केतन (बी-४०२): वाचतो. दादाच्या डिस्कसाठीच घेतला होता.

रविवार, सकाळी

सुनीता काकू (ए-१०३): रात्रभर तो बर्फ डोळ्यांसमोर होता गं. अंगणातली ती लोखंडी चौकट, तिच्यावर उभी असलेली अनवाणी पोर.

अनघा (सी-२०१): गोष्ट स्टॉकहोमच्या ब्लॅकेबर्ग उपनगरातली, पण बर्फ हवा म्हणून बरंचसं चित्रीकरण पार उत्तरेला लुलेओत केलं. कॅमेरा होयटे व्हान होयटेमाचा, पुढे 'ओपनहायमर'चाही त्यानेच केला.

सुनीता काकू (ए-१०३): शेवटी आगगाडीत त्या पेटीतून टकटक ऐकू येते, तिथे खाली काहीच लिहून आलं नाही. मला वाटलं, आत घुसमटतेय की काय.

अनघा (सी-२०१): नाही हो काकू. मधल्या भिंतीवर ठोकून बोलायचे ना दोघं, तोच मोर्स, म्हणजे टकटकीने अक्षरं सांगायची लिपी. अक्षरं आहेत पी, यू, एस, एस. 'पुस' म्हणजे स्वीडिशमध्ये छोटीशी पापी.